जुन्या ट्रकचे इंजिन कमी खर्चात बांधणे आणि बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात उसाची वाहतूक करणाऱ्या जुन्या गाड्या गळीत हंगाम संपला की उभ्या राहतात आणि पावसाळ्याचे तीन-चार महिने त्यांच्या इंजिनांची कामे निघतात. आम्ही अशा दोन गाड्या अनेक वर्षे सांभाळल्या असून प्रत्येक इंजिनाचे माप, बदललेला प्रत्येक भाग आणि दिलेला प्रत्येक रुपया वहीत लिहून ठेवला आहे. शेजारपाजारचे गाडीमालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे त्या वहीच्या आधारे येथे दिली आहेत. ती प्रामुख्याने टाटांच्या ६९७ आणि ४९७ या, यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या इंजिनांना धरून आहेत. संगणकावर चालणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनांचे गणित वेगळे असते आणि त्यात स्वस्ताईला फारसा वाव नसतो.

प्रश्न : माझे इंजिन खरोखरच बांधायला आले आहे, हे कसे ओळखावे?

गाडी ओढत नाही किंवा धूर सोडते, एवढ्यावरून इंजिन उघडू नये. आमच्याकडे कामासाठी म्हणून आणलेल्या गाड्यांपैकी काहींचा दोष केवळ तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा एवढाच निघाला होता. म्हणून आधी स्वस्तातल्या तपासण्या पूर्ण कराव्यात. फिल्टर बदलावेत, नोझल काढून पंपवाल्याकडे, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे, तपासून घ्यावेत आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावून घ्यावेत.

त्यानंतर इंजिन गरम असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून धूर जोराने, भाता मारल्यासारखा बाहेर येत असेल, म्हणजेच मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल, तर रिंगा (पिस्टनवरची कडी) आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजले आहेत असे समजावे. याची खात्री कॉम्प्रेशन गेजने होते. डिझेल इंजिनाच्या चांगल्या सिलिंडरमध्ये साधारण २२ ते २८ बार (दाबाचे एकक) दाब मिळतो. तो २० च्या खाली गेला असेल, किंवा एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा तीन-चार बारने कमी असेल, तर इंजिन उघडण्याला कारण आहे. दाब कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल टाकून पुन्हा गेज लावावा. दाब वाढला तर दोष रिंगांकडे, आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे (सिलिंडरांवरचे झाकण म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांमधली पट्टी) आहे. या एका तपासणीमुळे कित्येकदा फुल इंजिनाचा खर्च टळून केवळ हेडच्या कामावर भागते.

गरम इंजिनाचा ऑइल दाब मंद गतीवर जवळजवळ शून्यावर येत असेल आणि खालून ठोक्याचा आवाज येत असेल, तर मात्र गाडी एक किलोमीटरही चालवू नये. बेअरिंग गेलेले इंजिन थांबवले तर क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) वाचतो. तसेच चालवत राहिले तर क्रँक, त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि कधी कधी ब्लॉकही (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) जातो.

प्रश्न : धुराच्या रंगावरून काय समजते?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर चिंता नाही, परंतु इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलेले असते किंवा हेडला तडा असतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळले आहे. त्या स्थितीत इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

प्रश्न : आहे ते इंजिन बांधावे, की दुसरे जुने इंजिन आणून बसवावे?

आपला ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील, तर आहे तेच इंजिन बांधावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो, इंजिन क्रमांक बदलत नाही आणि आरटीओची खेप वाचते. दुसरे इंजिन तेव्हाच आणावे, जेव्हा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले असेल, क्रँक शेवटच्या मापापर्यंत घासून झालेला असेल, किंवा ब्लॉकला पाण्याच्या कप्प्यातून तडा गेला असेल.

यात एक मोठा गैरसमज असतो. बाजारातून चालू इंजिन आणले की काम झाले असे गाडीमालक धरून चालतात, परंतु ते इंजिनही कुणाच्या तरी थकलेल्या गाडीतूनच उतरलेले असते. म्हणून तुलना करताना एका बाजूला आपल्या इंजिनाच्या बांधणीचा पूर्ण खर्च आणि दुसऱ्या बाजूला आणलेल्या इंजिनाची किंमत, वाहतूक, त्याच्या रिंगा-बेअरिंगांचा खर्च आणि कागदपत्रांचा खर्च अशी पूर्ण बेरीज मांडावी. अशी बेरीज मांडली की बहुतेक वेळा आपलेच इंजिन स्वस्त पडते. चालू इंजिन न उघडता थेट बसवण्याचा मोह होतो, पण हंगामाच्या ऐन मध्यात ते बंद पडले तर बुडालेल्या खेपांचा तोटा कुणी मोजत नाही.

प्रश्न : ६९७, ४९७ या आकड्यांचा अर्थ काय? कोणते इंजिन कोणत्या गाडीत बसते?

पहिला आकडा सिलिंडरांची संख्या आणि पुढचे दोन आकडे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. ६९७ म्हणजे ९७ मिलिमीटर व्यासाची सहा सिलिंडरे. त्याचा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) १२८ मिलिमीटर असल्यामुळे एकूण क्षमता ५,६७५ सीसी भरते. ४९७ मध्ये त्याच व्यासाची चार सिलिंडरे, १०० मिलिमीटर स्ट्रोक आणि २,९५६ सीसी क्षमता असते. हे इंजिन १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ या गाडीमुळे घरोघरी पोहोचले. त्याआधीच्या पिढीतील ६९२ चा व्यास ९२ मिलिमीटर होता. टेल्को (टाटा मोटर्सचे आधीचे नाव) आणि जर्मन कंपनी डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत चालला. जुने मिस्त्री या गाड्यांना आजही बेंझ म्हणतात, ते त्यामुळेच.

स्वस्तात काम करायचे असेल तर ज्या नावाचे इंजिन निघाले, त्याच नावाचे इंजिन बसवावे. टाटा १६१३ सारख्या गाड्या ६९७ आणि कमिन्स ६बीटी अशा दोन्ही इंजिनांसह आल्या. त्यामुळे एक काढून दुसरे बसेल असे वाटते, आणि बसतेही. परंतु त्यासाठी बेल हाउसिंग, क्लच, इंजिनाची फाउंडेशने, रेडिएटरचे होज, सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि कित्येकदा प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते. हे सगळे सामान एखाद्या भंगारात निघालेल्या अख्ख्या गाडीतून एकत्र मिळत असेल तरच त्या वाटेला जावे. एकेक भाग शोधत बसल्यास इंजिनापेक्षा किरकोळ सामानाचे बिल मोठे होते.

टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या गाडीत टर्बोचे ६९७ बसवण्याबद्दलही नेहमी विचारले जाते. दोन्हींचा ब्लॉक दिसायला सारखा असला तरी टर्बोच्या इंजिनाचे पिस्टन, पंपाची मांडणी आणि ऑइलची व्यवस्था वेगळी असते, आणि वाढलेल्या ताकदीचा भार जुन्या क्लचवर, गिअरबॉक्सवर व रेडिएटरवर येतो. साध्या इंजिनाला नुसता टर्बो जोडणे तर कधीच करू नये.

प्रश्न : जुने इंजिन कुठे मिळते आणि घेताना काय पाहावे?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आणि दिल्लीत मायापुरी ही जुन्या सामानाची मोठी ठिकाणे आहेत. कळंबोली आणि निगडी यांसारख्या ट्रक टर्मिनलच्या आसपास चौकशी केली तरी कटिंगला, म्हणजे तोडून भंगारात काढायला, निघालेल्या गाड्यांची माहिती मिळते. आमचा अनुभव असा की, बाजारात साफ करून, रंग मारून ठेवलेल्या इंजिनापेक्षा गाडीत बसलेले, मळलेले आणि आपल्यासमोर सुरू करून दाखवलेले इंजिन कधीही चांगले. रंगाखाली वेल्डिंग लपते, पण मळाखाली ते लपत नाही, कारण मळ खरवडला की जोड लगेच दिसतो.

इंजिन गार असताना जावे आणि हात लावून ते गारच आहे याची खात्री करावी, कारण आधीच गरम करून ठेवलेले इंजिन अर्ध्या स्टार्टरवर सुरू होते. डिपस्टिकचे ऑइल बोटांत घेऊन पाहावे. ते मधासारखे दाट वाटले, तर आवाज आणि धूर दडवण्यासाठी जाड ऑइल भरलेले असू शकते. आम्ही एकदा असेच फसलो. विक्रेत्याच्या आवारात शांत चालणारे ते इंजिन नेहमीचे ऑइल भरताच खडखडू लागले, आणि ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवल्यावर बेअरिंगांचा तांब्याचा थर उघडा पडलेला दिसला. तेव्हापासून ऑइल चेंबर उतरवून निदान दोन बेअरिंगे पाहू देणार असाल तरच पैसे देऊ, असे आम्ही आधीच सांगतो. ज्याचा माल चांगला असतो तो अर्ध्या तासाच्या या कामाला नाही म्हणत नाही.

न चालणारे, उतरवून ठेवलेले इंजिन घ्यायचे असेल, तर पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावा. मध्येच अडकणारा क्रँक म्हणजे वाकलेला व्हॉल्व्ह, गंजलेला लायनर किंवा त्याहून वाईट काही असते. अशा इंजिनाला केवळ ब्लॉकची किंमत द्यावी.

प्रश्न : इंजिन घेताना कोणती कागदपत्रे मागावीत?

विक्रेत्याचे नाव-पत्ता, इंजिन क्रमांक आणि तारीख असलेले पक्के बिल, आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघाले त्या गाडीच्या आरसीची प्रत. ब्लॉकवरच्या क्रमांकाची पट्टी स्वच्छ पुसून, उजेड तिरका पाडून पाहावी. आकड्यांच्या भोवतालचा भाग घासलेला, खोलगट किंवा नवा ठोकलेला दिसला, तर इंजिन कितीही स्वस्त असले तरी परत फिरावे. चोरीची वस्तू जाणूनबुजून किंवा तसे मानायला कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिवाय तो क्रमांक आरटीओत कधीच चढणार नाही.

प्रश्न : इंजिन बदलले तर आरटीओला कळवावे लागते का?

होय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडता कामा नये. इंजिन बदलले असल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला आरसीसह कळवून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो. शहाणपणाची रीत अशी की, इंजिन विकत घेण्याआधीच आपल्या आरटीओ कार्यालयात जाऊन हे इंजिन या गाडीवर चढेल का, हे विचारून घ्यावे. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे आणि त्याच इंधनाचे इंजिन असेल तर प्रकरण सरळ असते. गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची लेखी संमती आधी घ्यावी, आणि क्रमांक बदलल्यावर विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर विम्याची पाहणी होते, तेव्हा पॉलिसीवरचा क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळला नाही तर दावा अडकतो. आपलेच इंजिन बांधले आणि ब्लॉक तोच ठेवला, तर यातले काही करावे लागत नाही.

प्रश्न : इंजिन उघडल्यावर पहिले काम कोणते?

माप घेणे. सामानाच्या दुकानात जाण्याआधी माप घ्यावे, हा एकच नियम पाळला तरी खर्चाचा मोठा भाग वाचतो. पुष्कळ ठिकाणी इंजिन उघडताच पिस्टन-लायनरचा पूर्ण संच, मेन (ब्लॉकमधली) आणि बिगएंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) बेअरिंगे, व्हॉल्व्ह, गाइड अशी ठरलेली यादी हाती दिली जाते. त्यातले निम्मे भाग कधी कधी बदलण्याची गरजच नसते, आणि ज्याची खरी गरज असते ते यादीत नसते.

लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे पहिल्या रिंगेचा प्रवास संपतो तिथे नख फिरवून पाहावे. नख अडकेल एवढी पायरी जाणवली तर झीज झालेली आहे. ती किती, हे मात्र नख सांगत नाही. त्यासाठी बोअर डायल गेज लावून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी उभे आणि आडवे, अशी सहा मापे घ्यावीत. ९७ च्या सिलिंडरमध्ये खाली ९७.०३ आणि वर ९७.२५ असे माप आले, तर लायनर झिजून निमुळता झाला आहे, आणि त्यात नुसत्या नव्या रिंगा टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. उलट वर-खाली फरक फार थोडा असेल, तर होनिंग (लायनर आतून बारीक घासणे) करून नव्या रिंगा घातल्यावर ते इंजिन आणखी काही हंगाम सहज काढते. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. ९७ मिलिमीटरच्या सिलिंडरला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट ठीक असते, आणि अंतिम आकडा त्या रिंगेच्या पाकिटावरचा धरावा.

गेज स्वतःकडे नसले तर बोरिंगवाला थोड्या पैशांत मापे घेऊन देतो. ती मापे सिलिंडरच्या क्रमाने कागदावर लिहून घ्यावीत आणि कागद जपून ठेवावा. पुढच्या वेळी झीज किती झाली हे कळण्याचे दुसरे साधन नाही.

प्रश्न : लायनर बदलायचे ठरले, तर कोणती काळजी घ्यावी?

ड्राय लायनर ब्लॉकमध्ये दाबून बसवतात आणि बसवल्यानंतर बोरिंग व होनिंग करून अंतिम मापावर आणतात. वेट लायनर तयार मापाचे येतात, त्यांच्याभोवती थेट पाणी खेळते आणि खाली रबरी रिंगा असतात. ड्राय लायनर जेथे बसतो तो ब्लॉकचा भाग गंजाने किंवा कार्बनने खडबडीत असेल, तर लायनर सगळीकडे टेकत नाही, त्याची उष्णता ब्लॉकमध्ये उतरत नाही आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. म्हणून जुना लायनर निघाल्यावर ब्लॉकचे भोक आतून पाहिल्याशिवाय नवा लायनर दाबू देऊ नये.

होनिंग झाल्यावर लायनरच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली पाहिजे, कारण त्या रेषांत ऑइल धरून राहते. त्यानंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने, होय, साबणानेच, घासून धुवावा. डिझेलने होनिंगची भुकटी रेषांतून निघत नाही. पांढरे फडके आत फिरवून ते पांढरेच बाहेर आले की लगेच ऑइल लावावे, नाहीतर तासाभरात तांबूस गंज धरू लागतो.

प्रश्न : क्रँक घासून घ्यावा लागेल का?

मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगात फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी मोजावे. ते गोल असतील, मापात असतील आणि नखाला ओरखडा लागत नसेल, तर नुसते पॉलिश करून त्याच मापाची नवी बेअरिंगे घालावीत. क्रँक घासल्याशिवाय काम पक्के होत नाही हा समज चुकीचा आहे. क्रँक ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा टप्प्यांनी घासला जातो. दर वेळी एक टप्पा संपतो आणि शेवटच्या टप्प्यानंतर क्रँक भंगारात जातो. गरज नसताना एक टप्पा घासणे म्हणजे क्रँकचे आयुष्य फुकट घालवणे होय.

घासून घ्यावाच लागला, तर ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी सांगाव्यात. जर्नल जेथे बाजूच्या भिंतीला मिळते, तेथील गोलाई मूळ होती तशीच ठेवावी. तो कोपरा काटकोनी झाला तर क्रँक पुढे तेथेच तुटतो. आणि ऑइलच्या भोकांच्या कडा घासल्यावर पुन्हा गुळगुळीत कराव्यात, नाहीतर त्या बेअरिंग खरवडतात.

आमच्या एका ६९७ चा क्रँक असाच घासून आला होता. आरशासारखे जर्नल, वर ऑइल लावलेला कागद गुंडाळलेला, त्यामुळे तो तसाच बसवला. दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याच्या वाटेवर चौथे बिगएंड बेअरिंग धरले. उघडल्यावर कारण सापडले. क्रँकच्या आतून जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत ग्राइंडिंगची राखाडी भुकटी ऑइलमध्ये कालवून बसली होती, आणि इंजिन सुरू होताच ती थेट नव्या बेअरिंगावर गेली. एका बेअरिंगापायी क्रँकचा आणखी एक टप्पा गेला आणि आठ दिवसांच्या खेपा बुडाल्या. चूक ग्राइंडिंगवाल्याची होती, तशी ती न तपासता बसवणाऱ्या आमचीही होती. आता क्रँक आला की त्याच्या प्रत्येक भोकातून तारेला बांधलेली चिंधी डिझेलमध्ये भिजवून आरपार ओढतो, मग हवेचा झोत मारतो, आणि चिंधी स्वच्छ येईपर्यंत हेच करतो. ब्लॉकमधली मुख्य ऑइल गॅलरीही, तिच्या टोकांचे प्लग काढून, याच रीतीने साफ करावी.

प्रश्न : हेडचे काम किती करावे?

हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज जातो का ते पाहावे, आणि वाकलेले असेल तरच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर हेड उलटे करून प्रत्येक खोलगटात डिझेल ओतावे. दहा मिनिटांत ते पोर्टमधून झिरपले नाही तर व्हॉल्व्ह नीट बसले आहेत. पाणी तापून उतरवलेल्या गाडीचे हेड मात्र पाण्याच्या दाबावर तपासल्याशिवाय परत बसवू नये. व्हॉल्व्हांच्या मधला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. बसवताना नवे गॅस्केट घालून बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्याने, तीन टप्प्यांत आवळावेत.

प्रश्न : डिझेल पंप आणि नोझल यांना हात लावावा का?

नोझल नेहमी तपासावेत. नव्या पिस्टनवर धार सोडणारा नोझल पिस्टनचा माथा जाळून भोक पाडतो. पंप चांगला चालत असेल तर तो उघडू नये, परंतु इंजिनाची पूर्ण बांधणी केली असेल तर बेंचवर लावून प्रत्येक लाइनीतून सारखे डिझेल येते का ते पाहून घ्यावे. पंपवाल्याला डिझेल वाढवून द्यायला सांगण्याची जी पद्धत आहे, ती टाळावी. थोडी ओढ वाढते, पण धूर, तापमान आणि डिझेलचा खर्च त्याहून जास्त वाढतो. पीयूसीच्या (प्रदूषण प्रमाणपत्राच्या) तपासणीत भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर आहे, आणि डिझेल वाढवलेली गाडी तेथेच अडकते.

प्रश्न : पैसे नेमके कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत?

बेअरिंगे, रिंगा, हेड गॅस्केट, ऑइल सील आणि ऑइल फिल्टर हे नवे, चांगल्या कंपनीचे आणि बिलासह घ्यावेत. तसेच बोरिंग आणि ग्राइंडिंगच्या मजुरीत घासाघीस करण्यापेक्षा चांगले मशीन आणि चांगला हात असलेला माणूस शोधावा. सेल्फ (स्टार्टर मोटर), डायनॅमो, पाण्याचा पंप, ऑइल चेंबर, मॅनिफोल्ड, फाउंडेशनची ब्रॅकेट हे भाग कटिंगच्या गाडीतले चालतात. कनेक्टिंग रॉड जुने चालतात, पण ते वाकलेले नाहीत हे तपासून, आणि त्यांचे बोल्ट मात्र नवे घालून. थर्मोस्टॅट काढून टाकून पैसे वाचवू नयेत. इंजिन सतत गार चालले तर डिझेल जास्त खाते आणि लायनर लवकर झिजतात.

मिस्त्रीची मजुरी ठोक ठरवावी, पण सामान आपण स्वतः आणावे, आणि जुना प्रत्येक भाग परत मागून घ्यावा. त्यात मिस्त्रीवर अविश्वास नाही. जुन्या बेअरिंगाच्या झिजेवरून पुष्कळ गोष्टी कळतात, आणि त्या समजावून सांगणारा मिस्त्री मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

प्रश्न : इंजिन उतरवताना आणि चढवताना कोणता धोका असतो?

सहा सिलिंडरचे हे इंजिन अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे असते. झाडाच्या फांदीला चेन ब्लॉक बांधून काम उरकण्याची सवय आपल्याकडे आहे. तिने माणसे जायबंदी झालेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून ती कृपया सोडावी. तीन पायांची लोखंडी घोडी भाड्याने मिळते. बॅटरीची तार आधी काढावी, चाकांना उटी (अडसर) लावावी, आणि टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये.

प्रश्न : इंजिन बाहेर असतानाच आणखी काय उरकून घ्यावे?

मागचे क्रँक ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधोमध असलेले छोटे बेअरिंग. हे भाग नंतर बदलायचे तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रेडिएटरही याच वेळी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्यावा, कारण बांधलेले इंजिन सुरुवातीला जास्त तापते आणि तुंबलेला रेडिएटर ते सहन करत नाही.

प्रश्न : पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काय करावे?

ऑइल, पाणी भरून आणि डिझेलच्या लाइनीतली हवा काढून झाल्यावर स्टॉपची केबल ओढून धरावी आणि ऑइल दाबाचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग सेल्फला विश्रांती. यामुळे इंजिन पेटण्याआधी बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचते. एक माणूस एअर फिल्टरच्या पाइपाजवळ लाकडी फळी घेऊन उभा असावा. पंपात चूक राहिली आणि इंजिनाची गती आपोआप वाढू लागली, तर हवेचे तोंड फळीने बंद करणे हा ते थांबवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. तळहात तेथे कधीही लावू नये.

प्रश्न : रनिंग, म्हणजे नव्या बांधणीनंतर इंजिन बसण्यासाठी चालवणे, किती करावे?

नवे बांधलेले इंजिन तासन्‌तास मंद गतीवर चालवत ठेवण्याची जुनी पद्धत चुकीची आहे. रिंगा लायनरवर बसायला मध्यम भार लागतो, आणि भाराशिवाय फार वेळ चालले तर होनिंगच्या रेषांवर ऑइलचा चकचकीत थर जमून रिंगा कधीच नीट बसत नाहीत. अर्धा भार घेऊन, गती कमी-जास्त करत, घाट टाळून गाडी चालवावी. पहिले ऑइल आणि फिल्टर ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलावे, आणि त्याच वेळी टॅपेट पुन्हा तपासावेत. उतरवलेले ऑइल उन्हात धरून पाहावे. बारीक राखाडी झाक असणे स्वाभाविक आहे, पण नखाएवढे तांबूस कण चमकले तर ते बेअरिंगाचे आहेत, आणि चेंबर लगेच उतरवावा.

प्रश्न : माझी गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी आहे. तिच्यावर हा खर्च करावा का?

हा निर्णय इंजिनावरून घेऊ नये, चेसिसवरून घ्यावा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) करावे लागते, आणि १५ वर्षांनंतर त्याचे शुल्क मोठ्या प्रमाणात वाढते. चेसिसला तडे असतील, केबिन कुजले असेल आणि एक्सलचे कामही तोंडावर असेल, तर चांगले इंजिन त्या गाडीत अडकवू नये. चेसिस सरळ आणि कागद स्वच्छ असतील, आणि गाडी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हंगामापुरती चालत असेल, तर इंजिनाची बांधणी दोन-तीन हंगामांत स्वतःचा खर्च काढते असा आमच्या दोन्ही गाड्यांचा हिशेब आहे. काम आषाढात सुरू करावे. बोरिंग आणि ग्राइंडिंगच्या शेडमध्ये गणपतीनंतर रांगा लागतात, आणि घाईत दिलेल्या ब्लॉकची मापे कुणी दुसऱ्यांदा तपासून पाहत नाही.

प्रश्न : बांधणीनंतरही गरम इंजिनाचा ऑइल दाब कमी दिसतो. काम वाया गेले का?

लगेच इंजिन उघडू नये. जुन्या गाड्यांतला काटा पुष्कळदा खोटे सांगतो, म्हणून त्याच्या जागी हाताचा चांगला गेज लावून पाहावे. खरोखरच दाब कमी असेल, तर ऑइल पंपाचे गिअर आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह पाहावा. बांधणीच्या वेळी जुना पंप न मोजता तसाच परत बसवलेला असतो, आणि दोष बहुधा तेथेच निघतो.